खारबावहून वसईच्या बुरुजाकडे

दिवा-वसई गाडीतून खारबावला उतरलात की फलाटावरच थांबा. नजरेसमोरची गोदामं पुसा, मग विजेच्या तारा, शेवटी रूळ. उरेल ती खाजणं, तिवरं आणि दक्षिणेची खाडी. साल १७३९, एप्रिल सरत आलेला. घामाने तलवारीच्या मुठीवर हात ठरत नाही, म्हणून तुम्ही तिला चिंधी गुंडाळली आहे.

पोर्तुगिजांच्या वसईला वेढा पडून महिने झालेत. चिमाजी अप्पांच्या फौजेत भर घालायला निघालेल्या पथकात तुम्ही आहात. कमरेला फिरंग आहे. सरळ पातं समुद्रापलीकडून आलेलं, मूठ मात्र मराठी. फिरंग्याच्या कोटावर फिरंग्याचंच पोलाद घेऊन चाललात, पण पथकात कुणाला त्याचं हसू येत नाही.

ओहोटी लागेपर्यंत वाटेतली खाजणं ओलांडता यायची नाहीत. तेवढ्यात जुमलेदार पट्टा चालवायला लावतो. हे शस्त्र मोठं विचित्र. हात लोखंडी खोबळ्यात अडकतो आणि मनगट वळायचं बंद होतं. मग वार करायचा तो पायांनी आणि कमरेने. पाऊल चुकलं की पातं स्वतःच्याच मांडीवर येतं.

"पात्याकडं काय बघतोस, लेका?"

"मग कुठं बघू?"

"कुठंच नको. पाय थांबू देऊ नकोस."

ताकुआन सोहो या जपानी झेन भिक्षूने शंभरेक वर्षांपूर्वी यागयू मुनेनोरीला, म्हणजे शोगुनच्या तलवारगुरूला, हेच लिहून कळवलं होतं. समोरच्याच्या तलवारीवर मन अडकलं की तुम्ही गेलात, स्वतःच्या तलवारीवर अडकलं तरीही गेलात. जुमलेदाराने जपानचं नावही ऐकलेलं नाही. पण भारतातली ध्यानाची वाट चीनमार्गेच तिकडे पोचली, आणि भिक्षूंनी शतकानुशतकं वस्ती केलेली कान्हेरीची लेणी इथून खाडीपलीकडे, साष्टीच्या डोंगरात आहेत.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता मे महिना. तुम्ही वसईच्या सान सेबास्तियान बुरुजाखाली आहात. सुरुंग उडतो, तटाला खिंडार पडतं आणि तुम्ही धावत सुटता. मन पात्यावर नाही, शत्रूवर नाही, अगदी जुमलेदाराने सांगितलं तसं. आणि उशिरा पेटलेला दुसरा सुरुंग बुरुजाचे दगड तुमच्याच माणसांवर आणतो. शेजारी धावणारा, पट्ट्यात तुमच्याहून सरस असलेला गडी दगडाखाली जातो.

तलवारबाजीची थोरवी गाणारे लोक या दगडांबद्दल सांगत नाहीत. जपानचा सर्वांत नावाजलेला तलवारबाज मियामोतो मुसाशी १६३८ मध्ये शिमाबाराच्या वेढ्यात होता. आत होते ते बहुतेक ख्रिस्ती शेतकरी. वरून आलेल्या दगडाने त्याच्या पायाला इजा झाली. स्थिर मन हे चिलखत नव्हे, तिथेही नव्हतं आणि वसईतही नाही.

मग ते कशाला हवं? धुरळा बसल्यावर जुमलेदार पुन्हा खिंडाराकडे बोट करतो, त्या वेळेला. तुम्ही उठता. हिशेब करत बसलात तर कुणीच उठणार नाही.

चिमाजी अप्पांनी वाटेत वज्रेश्वरीला नवस केला होता, असं परंपरा सांगते. झेनवाला म्हणेल, नवस म्हणजे फळावर अडकलेलं मन. मला ते पटत नाही. जयापजयाची काळजी देवीच्या ओटीत टाकली की पाय मोकळे होतात, आणि लढाईत तेवढंच हवं असतं. मात्र नवस केला सेनापतीने, दगड झेलले शिपायांनी, हेही त्याच दमात सांगायला हवं.

मेच्या मध्याला तह होतो. पोर्तुगीज मानाने किल्ला सोडून जातात. नवस फेडायला बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ खारबावच्याच, म्हणजे भिवंडी तालुक्यात आहे. तिथे जाल तेव्हा अप्पांबरोबर सान सेबास्तियानखाली राहिलेल्यांसाठीही हात जोडा.