हस्तस्वच्छता, रुग्णालयीन (नाशिक)

रुग्णालयात दाखल झाल्यानंतर रुग्णाला नव्याने होणारा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डातल्या मावशी-मामा आणि सोबतचे नातेवाईक यांनी ठरावीक वेळी व ठरावीक रीतीने हात स्वच्छ करण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल रुग्णांपैकी शंभरात सुमारे ७ जणांना, तर कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना असा संसर्ग होतो. सलाईनची सुई, मूत्रनलिका, श्वासनलिकेतली नळी आणि शस्त्रक्रियेची जखम या त्याच्या नेहमीच्या वाटा आहेत. त्या वाटांपर्यंत जंतू पोचतात ते बहुतेक वेळा हातांवरूनच.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीसाठी जवळ असणाऱ्या स्त्रिया अनुभवी, विश्वासू आणि नखे कापलेल्या असाव्यात, असे सांगितले आहे. नखांखाली जंतू टिकून राहतात हे आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यामुळे या सूचनेचे मोल कमी लेखता येत नाही. आधुनिक काळात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टर-विद्यार्थ्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. १८४६ मध्ये तेथील पहिल्या प्रसूतिकक्षात मातामृत्यूचे प्रमाण ११ टक्क्यांवर होते. १८४८ मध्ये ते दीड टक्क्याच्याही खाली आले. त्यांच्या हयातीत समव्यावसायिकांनी हे फारसे मानले नाही.

रीत : जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ‘पाच क्षण’ निश्चित केले. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना (खाट, मॉनिटर, सलाईनचा स्टँड) हात लागल्यानंतर. यातला शेवटचा क्षण सहज निसटतो, कारण रुग्णाला हात लावलेलाच नसतो. साबण-पाण्याने धुण्यास ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलयुक्त हँड रब चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. भारतातील प्रशिक्षणात पायऱ्या लक्षात राहाव्यात म्हणून ‘सुमन-के’ हे सूत्र शिकवतात : सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखे आणि शेवटी मनगट (हिंदीतील कलाई). अंगठा व बोटांची टोके हमखास राहून जातात. अंगठ्या, घड्याळ, काचेच्या बांगड्या, मनगटावरचा दोरा किंवा गंडा काढून ठेवणे हा रीतीचाच भाग होय. सौभाग्याच्या बांगड्या उतरवायला सांगताना सिस्टरनी नातेवाईक बाईला कारण नीट समजावून सांगणे गरजेचे असते. नुसत्या हुकमाने ते होत नाही.

हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. मोजे घालण्यापूर्वी व काढल्यानंतरही हात स्वच्छ करावे लागतात.

नवजात शिशु कक्ष : नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात, लोकांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मध्ये, विशेष नवजात शिशु कक्ष आहे. शहराबरोबरच पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी भागांतली कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे तेथे पाठवली जातात. सप्टेंबर २०१७ मध्ये हा कक्ष देशभर चर्चेत आला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे ५५ आणि एप्रिलपासून १८७ बाळे दगावल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. रुग्णालय प्रशासनाने हलगर्जीचा आरोप नाकारला. बाळे उशिरा व गंभीर अवस्थेत आणली जातात, मुदतपूर्व जन्म व अत्यल्प वजन ही कारणे आहेत, असे सांगितले. बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या १८ आणि बाळे त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे एकाच पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागतात, हेही त्या वेळी पुढे आले.

या मृत्यूंचे खापर हातांवर फोडता येत नाही. नोंद येथे घेतली ती दाटीमुळे. दोन-तीन बाळे एका पेटीत असली की ‘रुग्णाच्या भोवतालची जागा’ ही कल्पनाच मोडते. एका बाळाचे दूध, दुसऱ्याची सलाईन, तिसऱ्याचा लंगोट यांमध्ये हात धुवायला ना जागा उरते ना वेळ. हिशेब सोपा आहे. एका परिचारिकेकडे दहा बाळे आणि प्रत्येकाला पाळीत सहा वेळा हात लावायचा असे धरले, तर केवळ आधी व नंतर मिळून १२० वेळा हात स्वच्छ करावे लागतील. दर वेळी एक मिनिट म्हणजे दोन तास फक्त नळाजवळ. हँड रब वापरला तरी किमान ४० मिनिटे जातात. मनुष्यबळ मोजताना ही मिनिटे धरली पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. कक्षात शिरताना कोपरापर्यंत दोन मिनिटे हात धुण्याचा नियम नवजात शिशुंच्या काळजीविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे. त्यासाठी कोपराने वा पायाने चालणारा नळ हवा, नाहीतर धुतलेल्या हातानेच तोटी बंद करावी लागते.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात दाखल नवजातांपैकी १४.३ टक्क्यांना जंतुदोष आढळला. अ‍ॅसिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला हे प्रमुख जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. औषध चालेनासे झाल्यावर बाळाचे रक्षण करणारी जी थोडी साधने उरतात, त्यांत साबण येतो.

साधने व पाणी : सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे धो-धो पावसाचे तालुके, तरी उन्हाळ्यात तेथील वाड्यापाड्यांना टँकर लागतात. गंगापूर धरणाचे पाणी मिळणाऱ्या शहरातील रुग्णालयाची आणि घाटमाथ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची अडचण म्हणूनच एक नाही. अशा केंद्रांना हँड रब मोठा आधार ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र रुग्णालयाच्या औषधशाळेतही तयार करता येते : ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. मिश्रण ७२ तास बाजूला ठेवून मग वापरायचे, म्हणजे पेरॉक्साइडमुळे बाटलीतले बीजाणू मरतात. ग्लिसरॉल त्वचा फुटू नये म्हणून असते. हात चिरले, आग होऊ लागली की माणूस हँड रब टाळतो. मात्र हाताला रक्त वा घाण दिसत असेल तर साबण-पाणीच लागते. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणूही अल्कोहोलने मरत नाहीत. पाण्याचा टँकर आरोग्य केंद्रालाही हवा तो यासाठी.

जिनिव्हा येथे दिदिए पिते यांच्या चमूने १९९४ ते १९९७ मध्ये खाटेजवळ हँड रब ठेवून हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर नेले. त्याच काळात रुग्णालयीन संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. घट केवळ हातांमुळेच झाली का, यावर मतभेद आहेत. कोणी पाहत असताना हात अधिक धुतले जातात, ही अशा सर्व मोजण्यांतली अडचण आहे.

करोनाकाळ : मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरवले.

मूल्यमापन व शिक्षण : मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांना संसर्ग नियंत्रणासाठी गुण दिले जातात. राष्ट्रीय संसर्ग प्रतिबंध मार्गदर्शिका जानेवारी २०२० ची आहे. राज्यातील वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आदी महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकमध्येच आहे. वैद्यक पदवीच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संसर्ग नियंत्रणाच्या पद्धती विद्यार्थ्याने प्रत्यक्ष करून दाखवणे अपेक्षित आहे. वॉर्डातल्या मावशी-मामांचे प्रशिक्षण मात्र रुग्णालयागणिक वेगळे असते. बेडपॅन उचलणारे आणि खाट पुसणारे हात त्यांचेच असतात.