भूमिगताचे नाव आणि खबऱ्याचे मौन

खोट्या नावाने जगणारा माजी हेर ही व्यक्तिरेखा पाश्चात्त्य कादंबरीला नवी नाही. जोसेफ कॉनरॅडच्या 'अंडर वेस्टर्न आइज' (१९११) या कादंबरीतील रझूमॉव्ह आश्रयाला आलेल्या सहाध्यायाला पोलिसांच्या स्वाधीन करतो आणि पुढे जिनीव्हातील परागंदा क्रांतिकारकांमध्ये त्यांचाच एक होऊन, प्रत्यक्षात मात्र सरकारचा हेर म्हणून राहतो. कर्ट व्हॉनेगटच्या 'मदर नाइट'मधला (१९६१) कॅम्बेल नाझींचा प्रचारक आणि अमेरिकेचा हेर अशा दोन भूमिका एकाच वेळी वठवतो. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये दडून राहताना त्याला स्वतःचाच निवाडा करता येत नाही. या कादंबऱ्यांचा काळोख रहस्यात नाही. दीर्घकाळ वठवलेली भूमिका उतरवून ठेवल्यावर खाली कोणता माणूस उरतो, या प्रश्नात तो आहे.

अशा कादंबरीला लागणारी ऐतिहासिक सामग्री मराठी मुलखात कोठे सापडेल असे विचारले, तर पहिले उत्तर सातारा आणि सांगली असेच द्यावे लागेल. मग मराठी कादंबरीच्या मुख्य प्रवाहाने या सामग्रीकडे पाठ का फिरवली? प्रश्न वाङ्मयेतिहासाचा आहे, पण त्याचे उत्तर केवळ वाङ्मयात शोधून भागणार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. जासूद, नजरबाज, हेर, बातमीदार, खबऱ्या हे शब्द व्यवसायाच्या दृष्टीने एकमेकांचे शेजारी आहेत. नैतिक प्रतिष्ठेच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. 'हेर' आपल्या राजाचा असतो, 'खबऱ्या' परक्या सत्तेचा. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी दाखवली जाते. सभासदाच्या बखरीत या जासुदाचा उल्लेख येतो तो अगदी थोडक्यात. त्या त्रोटक उल्लेखाभोवती पुढे वेषांतरांची जी समृद्ध कथासृष्टी उभी राहिली, ती बहुतांशी नंतरच्या लोककल्पनेची आणि ऐतिहासिक कादंबरीची निर्मिती आहे. तिच्यातला बहिर्जी फकीर होतो, गोसावी होतो, पण प्रत्येक सोंगानंतर अबाधितपणे बहिर्जीच उरतो. सोंग त्याला चिकटत नाही. वेषांतर म्हणजे कौशल्य, स्वत्वाला धोका नव्हे, ही आपल्या कथनपरंपरेची धारणा येथेच पक्की झालेली दिसते.

रंगो बापूजी गुप्ते यांचे चरित्र या धारणेला छेद देऊ शकले असते. १८३९ साली प्रतापसिंह छत्रपतींना पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. मधल्या काळात १८४७ साली प्रतापसिंह निवर्तले आणि १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. म्हणजे अशिलाच्या मृत्यूनंतर आणि वादविषय संपुष्टात आल्यानंतरही हा वकील पाच वर्षे वकिली करीत होता. परतल्यावर १८५७ च्या साताऱ्यातील कटात त्यांचा हात असल्याचे सरकारला आढळले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी सतरा जणांना साताऱ्यात मृत्युदंड देण्यात आला. त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत, ते अखेरपर्यंत.

चरित्रकाराच्या दृष्टीने येथे कथा संपते. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या पुरुषाला विस्मृतीतून वर काढले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु तो ग्रंथ कैफियतीचा आहे. अन्यायाची फिर्याद मांडणे हे त्याचे उद्दिष्ट. कादंबरीकाराची कथा जेथे सुरू व्हावी ते ठिकाण वेगळे आहे. चौदा वर्षे ज्याने आपले खरे नाव इंग्रजी पत्रव्यवहारात, सभांत, अर्जांखाली आग्रहाने नोंदवले, त्याला उरलेले आयुष्य ते नाव न उच्चारता काढावे लागले. पुत्राच्या मृत्यूचा शोक तरी त्याने कोणत्या नावाने केला असेल? इतिहासाचे साधन येथे मूक आहे. कल्पिताला ही केवढी मोठी मोकळीक होती. ती फारशी कोणी घेतली नाही.

आता १९४२ कडे येऊ. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग समाविष्ट होता (दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले). ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० ला इस्लामपूर येथे गोळीबार झाला. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ च्या मध्यापासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे त्याचे कर्ते पुरुष. नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

हे कसे शक्य झाले? डोंगर आणि उसाचे फड हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. मुलूख संस्थानांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेला होता. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत यांच्या हद्दी ब्रिटिश अमलाखालील गावांमध्ये गुंतलेल्या होत्या. कुंडल औंध संस्थानात, आणि औंधमध्ये १९३९ पासून लोकांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग चालू होता. हद्द ओलांडली की वॉरंटातल्या नावाचा जोर कमी होई. अधिकारक्षेत्रांचा हा गोधडीसारखा नकाशाच भूमिगताचा पहिला वेष होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट गावाची. कॉनरॅड आणि व्हॉनेगट यांच्या पात्रांना अनोळखी शहर लागते, कारण तेथे कोणीच कोणाला ओळखत नाही. सातारच्या खेड्यात प्रत्येक जण प्रत्येकाला तीन पिढ्यांपासून ओळखतो. तेथे भूमिगताचे टोपणनाव गावापासून लपलेले नव्हते; गाव ते नाव पोलिसांपासून लपवीत होते. गुपित व्यक्तीचे नव्हते, समूहाचे होते. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई (निधन २०२१) यांनी उतारवयात सांगितलेली भवानीनगरच्या पोलीस चौकीची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. नवरा बायकोला मारतो आहे, असा देखावा चौकीसमोर उभा केला गेला. 'नवरा' चळवळीतला सहकारी होता. भांडण सोडवायला शिपाई बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारे लांबवली. खोट्या ओळखीसाठी येथे परका वेष लागला नाही. घरोघरी घडणारे, कोणालाही खरे वाटणारे दृश्य पुरेसे ठरले. मार मात्र खरा बसला असणार. या प्रसंगाचा चित्रपट कोणीही करील. स्त्रीला होणारी मारहाण हेच सर्वांत विश्वासार्ह सोंग ठरावे, यातला काळोख कादंबरीनेच पाहावयाचा असतो.

समूहाचे गुपित हे भूमिगताचे बळ होते, तसेच ते खबऱ्याचे मरण होते. प्रतिसरकार दरोडेखोरांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायावर मार देई. त्यावरून 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले, आणि पायाला नाल ठोकले जात अशी दंतकथाही. दंतकथा सरकारी प्रचाराला सोयीची होती. पुढे ती चळवळीच्या दराऱ्यालाही सोयीची ठरली. पण शिक्षा भोगलेला खबऱ्या परागंदा झाला नाही, तर १९४६ नंतर त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर जगणार होता. सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणीही न उच्चारलेले त्याचे ते दुसरे नाव घेऊन. रझूमॉव्हला निदान कबुली देण्याची सोय होती. येथे कबुली द्यायची कोणाला? सारे आधीच जाणतात.

मराठीने न घेतलेला हा विषय बंगालीने घेतला. सतीनाथ भादुडी यांच्या 'जागरी'मध्ये (१९४५) ४२ च्या आंदोलनात फाशीची शिक्षा झालेला बिलू, त्याचे आईवडील आणि ज्याच्या साक्षीमुळे ती शिक्षा झाली तो सख्खा धाकटा भाऊ निलू, अशा चौघांची एकच रात्र येते. निलू कम्युनिस्ट आहे आणि त्याने साक्ष दिली ती तत्त्वासाठी. लेखक त्याला खलनायक करीत नाही, निर्दोषही ठरवीत नाही. पूर्णियात जे सुचले ते वाळव्यात का सुचू नये?

एक उत्तर अण्णाभाऊ साठे यांच्यापाशी येऊन थांबते. प्रतिसरकारच्या बालेकिल्ल्यातल्या, वाळवा तालुक्यातील वाटेगावचा हा लेखक त्या वर्षांत मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या सांस्कृतिक आघाडीवर होता, आणि त्या पक्षाची भूमिका ४२ च्या आंदोलनाविरुद्ध होती. 'निलू'चा पेच त्यांच्याइतका जवळून दुसऱ्या मराठी कथाकाराला क्वचितच दिसला असेल. 'फकिरा' (१९५९) मात्र त्या दशकाच्या मागे, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या वारणाखोऱ्यात जाते. (नाना पाटील स्वतः पुढे त्याच पक्षात गेले आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. इतिहासाने पेच परस्पर सोडवल्यासारखा दिसतो, आणि कादंबरीला असे सोडवलेले पेच उपयोगाचे नसतात.)

तरीही 'फकिरा'ला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. त्या कादंबरीने एक गोष्ट दाखवली, जी भूमिगतांच्या आठवणींत सहसा येत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदलेल्या मांग-रामोशांना रोज हजेरी द्यावी लागे. भूमिगत होणे म्हणजे नाव टाकून नाहीसे होणे. ज्याची गैरहजेरी हाच गुन्हा आहे, त्याला नाहीसे होण्याची मुभा कोठून मिळणार? खोटे नाव घेण्यासाठी आधी खरे नाव स्वतःच्या मालकीचे असावे लागते. फकिराच्या लोकांचे नाव पोलिसांच्या वहीत अडकलेले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बहिर्जीच्या गौरवकथांमध्ये रमणाऱ्या आपल्या ऐतिहासिक कादंबरीने हा दुवा कधी जोडला नाही, हे तिच्याविषयी पुरेसे सांगून जाते.

माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी पोरवयात भूमिगत जीवन अनुभवले होते. 'कोवळे दिवस'मध्ये तो अनुभव येतो, पण शीर्षकच सांगते की दृष्टी कोवळिकीची आहे. या मुलखाचा काळोख त्यांनी पाहिला तो 'वावटळ'मध्ये (१९६४), गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीच्या निमित्ताने. ज्या खेड्यांनी परक्या पोलिसांपासून माणसे लपवली, त्या मुलखातच शेजाऱ्याचे घर ओळखून पेटवले गेले. सर्वांना सर्व ठाऊक असणे, या एकाच गोष्टीची ही दोन रूपे.

शेवटी एका कागदाचा उल्लेख करावयास हवा. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. तुरुंगवास भोगलेल्याला तुरुंगाचा दाखला पुरेसा होता. भूमिगताला मात्र आपण फरारी घोषित झालो होतो, आपल्यावर बक्षीस लावले होते किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाला होता, हे दाखवावे लागे. ज्याने आपले नाव पोलिसांच्या दप्तरात येऊच दिले नाही, त्याच्यापाशी पुरावा नव्हता. त्याला सहकाऱ्यांच्या दाखल्यांकडे, म्हणजे पुन्हा गावाच्या स्मरणशक्तीकडेच जावे लागले. त्या अर्जांत खरे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका लिहावा लागे, आणि त्या वर्षांत घेतलेल्या नावाबद्दल साक्ष देणारा माणूस हयात असावा लागे.