गोल्डवॉटर वंशद्वेषी होता का? हा प्रश्न मी का सोडला

मागच्या पोस्टवर एकाने विचारलं होतं की संशोधनाचा प्रश्न चुकलाय हे कळतं कसं? मला कळायला आठ महिने लागले, तेच सांगते.

एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं आणि पीएच.डी.ला निवडणुकांच्या इतिहासाकडे आले. विषय घेतला अमेरिकेची १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक. एका बाजूला अध्यक्ष लिंडन जॉन्सन, डेमोक्रॅट. दुसऱ्या बाजूला ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, रिपब्लिकन. (आपल्याकडे रिपब्लिकन म्हटलं की आंबेडकरी पक्ष आठवतो. हा लिंकनचा.) गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून कृष्णवर्णीयांची त्याच्याशी जुनी बांधिलकी होती. १९३० नंतर त्यातले बरेच डेमोक्रॅट्सकडे गेले, पण सगळे नाही. गॅलपच्या अंदाजानुसार १९५६ मध्ये आयझेनहॉवरना कृष्णवर्णीयांची सुमारे ३९ टक्के मतं होती, १९६० मध्ये निक्सनना ३२. आणि १९६४ मध्ये गोल्डवॉटरना? ६.

एवढी घसरण चार वर्षांत का झाली? मी सरळ माणसाच्या मनात शिरायला गेले. वहीत दोन रकाने केले. एकीकडे, त्याने १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला मत दिलं होतं, ॲरिझोनाच्या हवाई नॅशनल गार्डमधला वर्णभेद संपवायला मदत केली होती. दुसरीकडे, १९६१ मध्ये अटलांटात तो म्हणाला की कृष्णवर्णीयांची गठ्ठा मतं आपल्याला मिळणार नाहीत, तर बदकं जिथे आहेत तिथेच शिकारीला जावं. आणि १९ जून १९६४ ला सिनेटने नागरी हक्क कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत केला तेव्हा त्याचं मत विरोधात होतं. ३३ रिपब्लिकन सिनेटरपैकी २७ जण बाजूने होते, विरोधात फक्त सहा. त्याचं म्हणणं, हॉटेलं आणि खासगी नोकऱ्यांबद्दलची कलमं घटनेत बसत नाहीत.

रकाने भरत राहिले, उत्तर येईना. शेवटी गाईड म्हणाले, "अगं, त्याच्या मनात काय होतं ते तू मोजणार कशानं? लोकांनी काय ऐकलं ते बघ."

मग मिसिसिपीचे आकडे काढले. गोल्डवॉटरला ८७ टक्के मतं! इथे विज्ञानवाल्यांनी जरा थांबा. त्याच राज्यातल्या होम्स काउंटीत कृष्णवर्णीयांची स्पष्ट बहुसंख्या होती, आणि तिथे गोल्डवॉटरला नव्वद टक्क्यांहून जास्त मतं पडली. नुसता सहसंबंध काढला तर वाटेल, कृष्णवर्णीयांनीच निवडून दिलं की! याला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात, म्हणजे समूहाच्या आकड्यावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढणं. छेदात कोण आहे ते बघा. राज्यात कृष्णवर्णीय सुमारे ४२ टक्के, पण त्यांच्यातल्या प्रौढांपैकी मतदारयादीत नाव होतं जेमतेम ६.७ टक्क्यांचं. बाकीच्यांना परीक्षा, कर आणि धमक्या यांनी बाहेर ठेवलेलं. ते ८७ टक्के म्हणजे जवळजवळ निव्वळ गोऱ्यांचं मत. त्यांना संदेश नीट पोचला होता.

पलीकडच्यांनाही पोचला होता. जॅकी रॉबिन्सन, १९४७ मध्ये बेसबॉलच्या मेजर लीगमधली वर्णाची भिंत तोडणारा खेळाडू. १९६० मध्ये तो निक्सनसाठी प्रचार करत फिरला होता. जुलै १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा तो नेल्सन रॉकफेलरच्या बाजूने तिथे होता. तेराशेहून अधिक प्रतिनिधींत कृष्णवर्णीय पंधराच्या आसपास. रॉकफेलर अतिरेकी गटांविरुद्ध बोलायला उभे राहिले आणि सभागृहाने हुर्यो उडवली. हिटलरच्या जर्मनीत ज्यूला कसं वाटलं असेल ते आता समजलं, असं रॉबिन्सनने नंतर लिहिलं. त्याने जॉन्सनना पाठिंबा दिला. पण १९६६ मध्ये पुन्हा रॉकफेलरच्या कामाला लागला, हे माझ्या मते फार बोलकं आहे. त्याला पक्ष सोडायचा नव्हता. पक्षाला तो नको होता.

जॉन्सन ४८६ विरुद्ध ५२ असे जिंकले. गोल्डवॉटरला सहा राज्यं मिळाली. एक त्याचं ॲरिझोना, बाकी पाच थेट दक्षिणेतली. त्यातल्या जॉर्जियाने तोवर कधीच रिपब्लिकन उमेदवार निवडला नव्हता. बदकं मिळाली, असं म्हणायला हरकत नाही. आणि १९६० चा तो ३२ टक्क्यांचा आकडा त्या पक्षाच्या कुठल्याही अध्यक्षीय उमेदवाराने परत गाठलेला नाही.

आता काम १९६८ वर आलंय. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६७ पर्यंत ६.७ वरून जवळपास ६० टक्क्यांवर गेली. छेदच बदलला. त्यामुळे होम्स काउंटीचे दोन निकाल एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडता येत नाहीत, आणि माझा अख्खा तिसरा चॅप्टर पुन्हा लिहायला लागतोय.