अभ्यासिकेचं पावतीपुस्तक

डिलाईल रोडच्या आमच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची वेळ आली तेव्हा चाळीच्या मंडळाच्या कपाटातली अभ्यासिकेची जुनी पावतीपुस्तकं मी पिशवीत भरून घरी आणली. कुणी रद्दीत घालू नयेत म्हणून. १९७४ सालच्या एका स्थळप्रतीवर माझ्या वडिलांचं नाव आहे. कार्बनची अक्षरं फिकी झालीत, पण वाचता येतात: लाईट वर्गणी रुपये दोन, सरांचे मानधन रुपया एक. वडील गिरणीत साच्यावर होते. पगाराच्या दिवशी घरी येताना ते आधी मंडळाच्या खोलीत जायचे, पावती फाडून घ्यायचे आणि मग वर यायचे.

बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत नऊ माणसं होती. त्यातले तिघे गावाकडचे, पाळीप्रमाणे झोपणारे. रातपाळीहून आलेला काका दिवसा पांघरूण घेऊन पडलेला, त्याच्या उशाशी आई भाकऱ्या थापतेय, आणि मी पाढे म्हणायचे ते ओठांतल्या ओठांत, त्याची झोप मोडू नये म्हणून. गिरणगावातल्या पोरानं पुस्तक उघडायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर सरकारनं कधीच आखलं नव्हतं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. माणसं झोपतील एवढी जागा मोजली गेली. अभ्यासाची मोजली गेली नाही.

बाबासाहेबांचं विद्यार्थीपण याच परळ भागात गेलं. डबक चाळीतली एक खोली, त्यातच संसाराचं सामान आणि दळणाचं जातं. रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवायचे आणि रात्री दोनला उठवायचे, कारण तेवढ्याच वेळात खोली शांत असायची. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा आणि तिथंच कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला हेरलं. पुढे त्यांच्याच शब्दावर सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आम्ही ही गोष्ट मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो. मला मात्र त्यात बागेत थांबून चौकशी करणारे गुरुजी आधी दिसतात.

पण शिकवणाऱ्या माणसाला पैसा लागतो. शाळांना सरकारी अनुदान या देशात आलं ते १८५४ च्या वुडच्या खलित्यानं. त्याच्या अटींत चांगलं स्थानिक व्यवस्थापन हवं होतं, सरकारी तपासणी मान्य हवी होती, आणि मुलांकडून थोडी का होईना फी घ्यायलाच हवी होती. ही फीची अट मला आजही टोचते. ज्याच्या घरात तेवढाही पैसा नाही, त्याच्या दारापर्यंत ते अनुदान पोचायचं कसं? पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबलेली बायामाणसं तिथं रात्रीचे दोन तास शिकायला बसायची. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं, त्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीबद्दल त्यांनी साफ सांगितलं: ज्यांना शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे अशा लोकांत ही पद्धत चालणार नाही, कारण तिच्यावर शिक्षकाचं पोट भरणार नाही. एवढ्या वर्षांपूर्वी त्यांनी दुखण्याचं नाव घेतलं होतं.

पुढचं काम लोकांनी आपल्या खिशातून केलं. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळीची शाळा काढली ती दामोदरदास सुखडवाला शेटजींच्या हजार रुपयांवर. १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगार वस्तीत रात्रशाळा व वाचनालयं उघडली. आमच्या रस्त्याला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. आम्ही तोंडानं अजून डिलाईल रोडच म्हणतो, पण पाटीवर ना. म. जोशी मार्ग आहे आणि तो मान योग्य माणसाला मिळाला.

आमची अभ्यासिका म्हणजे तळमजल्यावरची मंडळाची खोली. दिवेलागणीपासून साडेआठपर्यंत मुली, त्यानंतर बारापर्यंत मुलगे. दोन ट्यूबलाइट, एक सतरंजी, भिंतीला टेकवलेली तीन बाकडी. तिथं शिकवणारे सर स्वतः गिरणीत काम करून रात्रशाळेतून मॅट्रिक झालेले. फळा फुटका होता, म्हणून गणित अडलं की ते सतरंजी दुमडून फरशीवरच खडूनं सोडवायचे. आम्ही मांडी घालून गोल बसायचो, गणित लांबलं की मागे सरकायचो, आणि उत्तर आलं की सर ओल्या गोणपाटानं फरशी पुसून म्हणायचे, "आता तू कर." खडू माझ्या हातात यायचा. त्रैराशिक मी त्या फरशीवर शिकले. पुढे पालिकेच्या शाळेत बाई झाले, ती तिथल्याच पायावर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या वर्षीच्या पुस्तकात जानेवारीतल्या पावत्या भराभर फाडलेल्या आहेत, नंतर विरळ होत जातात आणि दिवाळीपासून पुढची पानं कोरीच. माणसं गावाला गेली, काही परत आलीच नाहीत. सरांचं मानधन बंद झालं तरी ते वर्षभर येत राहिले. मग त्यांना वॉचमनची रात्रपाळी मिळाली आणि ते मला किल्ली देऊन गेले. विजेचं बिल समोरच्या चाळीतल्या खानावळवाल्या मावशींनी आठ महिने भरलं. त्यांच्याकडे तेव्हा निम्मेच डबे उरले होते. मी पावती करायला घेतली तर म्हणाल्या, "माझं नाव नको घालू गं. हितचिंतक लिही."

सरकारी पैसा आमच्यापर्यंत आला तो फार उशिरा. १९९३ मध्ये खासदार स्थानिक विकास निधी सुरू झाला. आमदारांचे, नगरसेवकांचे निधीही होतेच. अशाच एका निधीतून आम्हाला नव्या लाद्या, चार पंखे, स्टीलची कपाटं मिळाली, आणि दारावर मोठी पाटी. लाद्या चांगल्या होत्या, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण मी अर्ज केला होता तो चाळीतल्याच एका पदवीधर मुलीला महिना ५०० रुपये मानधन मिळावं म्हणून. कचेरीतले साहेब भले होते. त्यांनी नियम वाचून दाखवला: पैसा टिकाऊ कामावर खर्च करायचा, पगार आणि विजेचं बिल त्यात बसत नाही. "बाई, आणखी दोन पंखे मागा, लगेच देतो. माणूस मागू नका." ती मुलगी सात महिने फुकट आली, मग तिला दुकानात नोकरी लागली. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेआधी अभ्यासिकेला कुलूप होतं आणि आत चारही पंखे नवे कोरे.

माणसावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही, याचा पुरावा याच शहरात आहे. १९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेनं पालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुली, महिना ५०० ते ७५० रुपयांवर, मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवणाऱ्या. मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तपासणी केली. २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले: मुलांचे गुण वाढले होते. मी त्या शाळांतून काम केलेलं आहे. बालसखी दारात आली की मागच्या रांगेतली पोरं स्वतःहून उठायची.

आता आमच्या जागेवर मनोरे उभे राहतील आणि प्रत्येकाला ५०० चौरस फुटांचं घर मिळेल. ते मिळायलाच हवं, आमच्या आईवडिलांनी त्याची वाट पाहिली. मुलांना टेबल मिळेल, दिवा मिळेल. पण गणित अडलं तर विचारायचं कुणाला? घरात आईबाप तेव्हाही कामावर असतील.

म्हणून नव्या सोसायटीच्या सभासदांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या सर्वसाधारण सभेत लिफ्टची देखभाल आणि पाण्याचा पंप यांचा खर्च मांडाल, तेव्हा अभ्यासिकेच्या शिक्षकाचं मानधनही मांडा. जुनी पावतीपुस्तकं मी सभेला घेऊन येईन. 'सरांचे मानधन' हा रकाना त्यांत छापलेलाच आहे.