लसिका संस्थेची काळजी: रोजच्या साध्या सवयी, आणि पायाची सूज लपवू नका

पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. घरातले बुजुर्ग म्हणतात, "अवधाण आलं." ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. शरीरात अशा सुमारे ५०० ते ६०० ग्रंथी असतात. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी लसिकावाहिन्या गोळा करतात, ग्रंथी त्यातले जंतू अडवतात आणि उरलेला द्रव गळ्याजवळच्या मोठ्या शिरांतून परत रक्तात जातो.

या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांच्या जोरावर हा द्रव पुढे सरकतो. त्यामुळे बाजारात 'लिम्फ साफ करणारा' चहा किंवा चूर्ण विकत घेण्यापेक्षा चालणं बरं.

रोज काय करावं?

- फजरनंतर किंवा मगरीबनंतर अर्धा तास चाला. दुकानात, शिलाई मशीनवर तासन् तास बसणाऱ्यांनी अधूनमधून उठावं, पायाचे घोटे फिरवावेत.
- दिवसातून काही वेळा पोट फुगवून सावकाश श्वास घ्या.
- वजन आटोक्यात ठेवा. लठ्ठपणाने लसिकेचा प्रवाह मंदावतो.
- वुजू करताना पायाच्या बोटांमध्ये खिलाल करतो, तेव्हाच भेगा, चिखल्या, जखमा नीट बघा. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. ओल राहिली की बुरशी होते आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. मधुमेह असेल तर ही सवय सोडूच नका.

हत्तीरोग: आपल्याकडचा खरा धोका

विदर्भातल्या नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत हत्तीरोग आढळतो. क्युलेक्स डासामार्फत येणारे सूक्ष्म कृमी लसिकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. लागण पुष्कळदा लहानपणी होते, पण सूज वर्षांनंतर दिसते. "आमच्या घरात कुणाचाच पाय सुजलेला नाही, मग गोळ्या कशाला?" हा सवाल म्हणूनच चुकीचा आहे. भारताने २०२७ पर्यंत हा रोग संपवायचं ठरवलं आहे.

आरोग्य कर्मचारी मोहिमेत मोफत गोळ्या देतात. त्या काहीतरी खाऊन, त्यांच्यासमोरच घ्यायच्या. मोहीम रमजानमध्ये आली तर इफ्तार आणि जेवणानंतर घेता येतील का, हे कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसांना त्या देत नाहीत. गोळ्यांनंतर थोडा ताप किंवा मळमळ झाली तर बहुतेक वेळा ती कृमी मरत असल्याची खूण असते. त्रास वाढला तर दवाखाना गाठा.

हा डास घाण पाण्यात वाढतो. संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधा, गटार वाहती ठेवा, मच्छरदाणीत झोपा.

सूज आधीच असेल तर

रोज साबण-पाण्याने पाय हलक्या हाताने धुवा, कोरडा करा, बसताना-झोपताना उंचावर ठेवा, मापाची चप्पल घाला. सूज पुरती जात नाही, पण वाढ आणि वारंवार येणारा ताप रोखता येतो. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बहिणींनीही त्या हाताची अशीच निगा राखावी. दाबपट्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरा. पट्टी असताना वुजू कसा करायचा, हे आलिमांना विचारा. जमिनीवर सजदा जमत नसेल तर खुर्चीवर नमाज पढण्याची सवलत आहेच.

डॉक्टरांकडे कधी जावं?

- मान, काख किंवा जांघेतली गाठ दोन आठवड्यांत उतरली नाही, टणक लागली किंवा वाढत गेली.
- सोबत बारीक ताप, रात्री घाम, वजनात घट. ही टीबीची गाठ असू शकते. तिचा इलाज सरकारी दवाखान्यात मोफत होतो. क्वचित कॅन्सरही असतो.
- पाय लाल, गरम होऊन थंडी-ताप आला, किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली. अशा वेळी त्याच दिवशी जा.

आम्ही पाहतो, की बायका सूज बुरख्याआड झाकतात, मुलीच्या रिश्त्यात अडचण येईल म्हणून घरचेही गप्प बसतात. हत्तीरोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. सुरुवातीची सूज दाखवली तर पाय वाचतो. लपवण्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत.