एकोणिसाव्या वर्षी हातात खडू : माहूदच्या शांताबाई आणि आपली नेतृत्वाची व्याख्या



सोलापुरात जयंतीच्या तयारीची बैठक असली की एक चित्र हमखास दिसतं. खुर्च्यांवर अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार. मागे सतरंजीवर मुली. त्यांच्याकडे काम येतं ते रांगोळीचं, स्वागतगीताचं आणि फार झालं तर सूत्रसंचालनाचं. अशाच एका बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "खजिनदार म्हणून माझं नाव का नको?" सगळे हसले. एक ज्येष्ठ प्रेमाने म्हणाले, "बाळ, आधी थोडी मोठी हो, चळवळ शीक." मीही त्या बैठकीत होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

"आधी मोठी हो" या वाक्याला इतिहासाचा आधार आहे का, ते तपासू.

१८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'ने तो दोन भागांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापला. मुक्ता तेव्हा १४ वर्षांची होती. आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने भर पेशवाईच्या राजधानीत विचारला. पेशवाई बुडून अजून ४० वर्षंही झाली नव्हती. तिने कुणाच्या वयाची परवानगी मागितली नाही. महाराष्ट्रातल्या स्त्रीवादी लेखनाची सुरुवात सांगताना १८८२ च्या ताराबाई शिंदेंच्या 'स्त्रीपुरुष तुलना'चं नाव घेतलं जातं, ते घ्यायलाच हवं. पण त्याच्या २७ वर्षं आधीचा मुक्ताचा निबंध 'दलित वाङ्मय' या खात्यात टाकून स्त्रीमुक्तीच्या खात्यातून वगळला जातो. हा हिशेब चुकीचा आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

सांगोला तालुक्यातलं माहूद हे दुष्काळी पट्ट्यातलं गाव. १ मार्च १९२३ रोजी तिथे एका महार कुटुंबात शांताबाईंचा जन्म झाला. त्या वेळी सोलापूर जिल्ह्यात काय चाललं होतं? १९२४ च्या मे महिन्यात बार्शीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब तिला आले. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि सभेने आपलं पहिलं वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी काढलं ते मुंबईत नव्हे, आपल्या सोलापुरात. जिवाप्पा ऐदाळे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ते सांभाळलं. ही आपल्या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे आणि आपण ती दरवर्षी सांगतो. पण एक गोष्ट सांगायची राहते. ते वसतिगृह मुलांचं होतं. माहूदच्या घरात तेव्हा दोन वर्षांची असलेली ती मुलगी पुढे शिकली ती वसतिगृहाच्या आधाराने नव्हे, आईबापाच्या जिद्दीवर.

१९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. वय १९. सोलापूर जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका म्हणून त्यांची नोंद आहे. या नोकरीचा अर्थ आज चटकन लक्षात येत नाही. गावच्या शाळेत मास्तर म्हणजे अधिकार. ज्या समाजाच्या सावलीचा विटाळ मानला जायचा, त्या समाजातली विशीही न गाठलेली बाई फळ्यासमोर उभी राहते, सवर्णांच्या पोरांची हजेरी घेते, त्यांची उत्तरं तपासते आणि चूक की बरोबर ते ठरवते. व्यासपीठ नाही, माइक नाही, हार नाही. पण गावाची उतरंड रोज सकाळी अकरा वाजता उलटी होत होती. याला नेतृत्व म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

दुसरी गोष्ट घरातली. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा शांताबाईंनी ते नशीब म्हणून स्वीकारलं नाही. त्या घर सोडून माहेरी आल्या. हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे. त्या काळात हिंदू पुरुषाला कितीही बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. बाईला घटस्फोट मागायला कायद्याची वाट नव्हती. म्हणजे कायदा नवऱ्याच्या बाजूने, रूढी नवऱ्याच्या बाजूने, आणि ही तरुण बाई दोघांच्या विरोधात उभी.

ती एकटी नव्हती, हे समजण्यासाठी नागपूरला जावं लागेल. शांताबाई शिक्षिका झाल्या त्याच वर्षी, २० जुलै १९४२ रोजी, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. सुमारे २५ हजार स्त्रिया हजर होत्या. तारीख लक्षात घ्या. हितकारिणी सभेच्या स्थापनेला त्या दिवशी बरोबर १८ वर्षं झाली होती. सोलापुरात मुलांचं वसतिगृह काढणारी चळवळ १८ वर्षांनी स्त्रियांच्या तोंडून मुलींसाठी वसतिगृहं मागत होती.

या परिषदेचे ठराव प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवेत. स्त्रीला कायद्याने घटस्फोटाचा हक्क हवा. पुरुषाच्या अनेक लग्नांना बंदी हवी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांना रजा, इजेची भरपाई आणि निवृत्तिवेतन हवं. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना प्रतिनिधित्व हवं. गिरणी आणि विडी हे शब्द सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत. १८७७ ला इथली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि आजही या शहरातल्या हजारो चुली विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर पेटतात. नागपूरच्या मंडपात आपल्याच गल्लीबद्दल बोललं जात होतं.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे वाक्य आपल्या प्रत्येक बॅनरवर असतं. त्या भाषणाचा पुढचा भाग बॅनरवर येत नाही. मुलींची लग्नं घाईने लावू नका आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, गुलामी नाकारावी, असंही ते म्हणाले होते. पहिला भाग समाजाचं कौतुक म्हणून ऐकता येतो. दुसरा आपल्या घरात शिरतो.

ठराव कागदावर राहिले नाहीत. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधक कायदा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा आला. पुढे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं, ते अडवलं गेलं, आणि १९५१ च्या राजीनाम्याच्या कारणांत हे बिल होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व आणि घटस्फोट देशभर लागू झाले. आज कुठल्याही जातीची हिंदू स्त्री न्यायालयात जाते तेव्हा ही मागणी मंडपात आधी मांडणाऱ्या दलित स्त्रियांचं नाव तिला कुणी सांगत नाही. हा दोष कुणाचा?

पहिला दोष प्रस्थापित स्त्रीवादी इतिहासाचा. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षापासून नव्या स्त्री चळवळीची गोष्ट सुरू करायची आणि पुण्या-मुंबईपाशी संपवायची, ही सवय. ती मोडायला १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' लिहावं लागलं. शीर्षकातला 'ही' पाहा. त्या एका अक्षरात तक्रार आहे.

दुसरा दोष आपला. दलित बाईचं आत्मकथन आपण दुःखाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. शांताबाई निवृत्तीनंतर लिहायला बसल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकातून आली, १९८६ मध्ये पुस्तक झालं, पुढे त्यावर 'नाजुका' ही मालिका झाली. त्यात भूक आहे, शिवाशिव आहे, म्हणून आपण रडतो आणि पुस्तक मिटतो. पण त्यातली बाई १९ व्या वर्षी कमावते, स्वतःचा निर्णय घेते, लेकरं असताना १९५२ मध्ये प्रशिक्षणासाठी पुण्याला जाते आणि शिक्षण विस्तार अधिकारी होते, हे निसटतं. पँथर अरुण कांबळेंची आई ही ओळख खरी आहे. पण मुलामुळे आईला ओळखायची सवय कुणाची, हा प्रश्न स्वतःला विचारा.

काही जण म्हणतात, "आधी जातीचा प्रश्न सुटू दे, बायकांचं नंतर बघू." हा युक्तिवाद बाबासाहेबांच्या कामातच टिकत नाही. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली आणि दोनच दिवसांनी त्यांनी तिथेच स्त्रियांची स्वतंत्र सभा घेतली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, १९२९ ला तो कायदा झाला. दोन्ही लढाया एकाच माणसाने एकाच वेळी लढल्या, कारण जात टिकते ती मुलीचं लग्न कुणाशी लावायचं यावरच्या ताब्यातून. हे त्यांनी १९१६ मध्ये, २५ वर्षांचे असताना, कोलंबिया विद्यापीठातल्या जातीवरच्या निबंधात मांडलं होतं. त्यांना तरी कोण म्हणालं होतं, आधी मोठा हो?

म्हणून सोलापूरच्या तरुणांना तीन कामं सुचवतो. एक, येत्या २० जुलैला आपापल्या वस्तीत नागपूरच्या ठरावांचं जाहीर वाचन करा आणि ते मुलींनी करावं. दोन, आपल्या आजीला, शेजारच्या आजीला विचारा की ती कोणत्या मोर्चात होती, कोणत्या गिरणीत होती, तिने घरात कशाला नकार दिला, आणि ते लिहून ठेवा. या बायका गेल्या की आपल्याकडे पुरावा उरणार नाही. शांताबाईही २०२३ च्या जानेवारीत गेल्या. तीन, पुढच्या जयंतीच्या समितीत निम्मी पदं मुलींना द्या, आणि त्यात खजिनदार हे पद असलंच पाहिजे. पैशाची वही ज्याच्या हातात, निर्णय त्याचा, हे बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या मुलीचं नाव मी पुढच्या बैठकीत खजिनदारपदासाठी सुचवणार आहे. या वेळी हसणाऱ्यांना मुक्ताचं वय सांगेन, शांताबाईंचं सांगेन, आणि मग मतदान मागेन.

जय भीम, जय सावित्री.