सार्जंटचं सुवर्णपदक आणि आपली पागा

सारंगखेड्याच्या यात्रेची बातमी मी बरीच वर्षं करतोय. तापीच्या काठावर दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो आणि आमची बातमीही दरवर्षी ठरलेलीच असते. सगळ्यात महाग घोडा कोणता, त्याचा खुराक काय, मालकानं किती लाखांना नाही म्हटलं. फोटो छापला की काम संपलं.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या कडेला एक पोरगा दिसला. असेल सतरा-अठरा वर्षांचा. घोडा मालकाचा, हा नोकर. गर्दी नाही, ढोल नाही, हातात चाबूकही नाही. लगाम सैल आणि घोडा जागच्या जागी एका लयीत पाय उचलतोय. मी थांबलो. विचारलं, "कोणी शिकवलं रे?" तर म्हणाला, "मीच शिकवलं दादा. दीड वर्ष लागलं. रोज पहाटे." आणि मग त्यानंच मला विचारलं, "याची कुठं काही स्पर्धा असते का हो?"

मी म्हटलं, असते की, ऑलिम्पिकमध्ये असते. तो हसला. त्याला वाटलं, पेपरवाला थट्टा करतोय.

थट्टा नव्हती मंडळी. पण त्या पोराला खरं उत्तर द्यायचं तर नुसतं "असते" म्हणून भागत नाही. त्या स्पर्धेत उतरायची परवानगी कोणाला होती, हा इतिहास सांगावा लागतो. म्हणून आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी खेळ समजून घेऊ. घोडेस्वारीचे ऑलिम्पिकमध्ये तीन प्रकार असतात. पहिला ड्रेसाज. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच प्रशिक्षण. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद आखाडा, कडेला अक्षरांच्या पाट्या. ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल करून दाखवायची. दुडकी, दौड, तिरपं चालणं, एका जागी गिरकी. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. आपला पोरगा जे करून दाखवत होता, ती जागच्या जागची दुडकी. तिला 'पियाफ' म्हणतात आणि ती सगळ्यात वरच्या पातळीवरच विचारली जाते. त्या पातळीवर उतरायला घोडा किमान आठ वर्षांचा लागतो, असा नियमच आहे. कारण सोपं आहे. तेवढी वर्षं शिकवल्याशिवाय ते येतच नाही.

दुसरा प्रकार अडथळ्यांवरून उड्यांचा. दांडी पडली की चार दोष. आणि तिसरा इव्हेंटिंग. त्यात ड्रेसाज, रानावनातून अडथळे ओलांडत दौड आणि शेवटी उड्या, असं तिन्ही एकाच घोड्यावर आणि एकाच स्वारानं करायचं असतं.

बघणाऱ्याला वाटतं की स्वार काहीच करत नाही, सगळं घोडाच करतोय. खरी मेहनत तिथंच असते. पोटरीचा हलका दाब दिला, घोड्यानं पाऊल टाकलं, की त्याच क्षणी दाब काढायचा. दाब निघाला हेच घोड्याचं बक्षीस. तो क्षण चुकला की घोडा चुकीचा धडा शिकतो. चाबकानं घोडा पळवता येतो, पण शिकवता येत नाही. ग्रीसचा झेनोफन नावाचा सेनानी हे सव्वादोन हजार वर्षांहून आधी लिहून गेलाय.

उड्यांचंही तसंच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातले स्वार अडथळ्यावर मागे रेलायचे. घोडा हवेत असताना पाठीवर भार आणि तोंडात लगामाचा हिसका. इटलीच्या घोडदळातला फेदेरिको काप्रिली नावाचा अधिकारी होता. त्यानं पाठीवर कोणी नसलेला मोकळा घोडा उडी कशी मारतो ते बारकाईनं पाहिलं आणि उलटं सांगितलं. घोड्याला बदलू नका, तुम्ही बदला. रिकीब आखूड करा, उडीच्या वेळी पुढे झुका, हात सैल सोडा. त्याची सुरुवातीला टिंगल झाली. १९०७ मध्ये, चाळिशीच्या आतच, घोड्यावरून पडून तो गेला. पण आज जगातला प्रत्येक उडीचा स्वार त्याच्याच पद्धतीनं मांड टाकतो.

आता मुद्द्यावर येतो.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हे तिन्ही प्रकार आले, तेव्हा हा सगळा लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ होता. पुढं कित्येक वर्षं ड्रेसाजला नियम असा होता की स्पर्धक एकतर कमिशन मिळालेला अधिकारी हवा, नाहीतर 'जंटलमन' म्हणजे खानदानी नागरिक. सार्जंट, हवालदार, साधा शिपाई चालणार नाही. का? तर ते घोडे शिकवून पगार घेतात, म्हणजे 'व्यावसायिक' झाले. गंमत बघा. अधिकारीही पगारच घ्यायचा. पण रोज पहाटे तबेल्यात राबणारा माणूस रोज राबतो म्हणूनच अपात्र ठरायचा.

१९४८ चं लंडन ऑलिम्पिक. ड्रेसाज आल्डरशॉटला झाली. स्वीडनच्या संघात तिघं होते. बोल्टेनस्टेर्न, सेंट सीर आणि गेनेल पर्सन. पर्सन सार्जंट होता. स्वीडनवाल्यांनी युक्ती काढली. स्पर्धेच्या थोडं आधी त्याला लेफ्टनंट केलं. संघानं सुवर्ण जिंकलं. आणि काही आठवड्यांत पर्सन पुन्हा सार्जंट! हे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या लक्षात आलं आणि पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, स्वीडनचं सुवर्ण काढून घेतलं. ते फ्रान्सला गेलं, रौप्य अमेरिकेला, कांस्य पोर्तुगालला.

स्वीडनची युक्ती लबाडीचीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पर्सनचा घोडा चुकला, पर्सननं घोड्याला काही पाजलं, गुण चुकीचे दिले, असं कोणीच म्हणालं नाही. स्वारी उत्तम होती. खांद्यावरची फीत तेवढी चुकीची होती.

त्या प्रकरणाची इतकी शोभा झाली की नियम टिकला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला ड्रेसाज सगळ्यांना खुली झाली. सार्जंटना आणि बायकांनाही. स्वीडननं कोणता संघ पाठवला असेल? तोच. बोल्टेनस्टेर्न, सेंट सीर आणि पर्सन. तेच तिघं आणि तेच सुवर्ण. १९५६ ला परत तेच तिघं, परत सुवर्ण. काढून घेतलेल्या एका पदकाच्या बदल्यात दोन आणली.

आणि त्याच हेलसिंकीत वैयक्तिक रौप्य कोणाला मिळालं? डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला होता. गुडघ्याखाली पायांत ताकद नव्हती. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागायचा. पोटरीचा दाब हेच ज्या खेळाचं व्याकरण, त्या खेळात ही बाई पाठीच्या आणि बैठकीच्या भारानं घोड्याशी बोलायला शिकली आणि जगात दुसरी आली. सेंट सीर पहिला आला होता. त्यानं तिला आधार देऊन व्यासपीठावर नेलं. दार चार वर्षं आधी उघडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. उड्यांच्या प्रकारात बायकांना १९५६ पर्यंत थांबावं लागलं, इव्हेंटिंगमध्ये १९६४ पर्यंत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपातलं, आपला काय संबंध?

संबंध आहे. आपल्या आजूबाजूची आडनावं आठवा. चाबूकस्वार, शिलेदार, पागनीस. चाबूकस्वार म्हणजे घोडा शिकवणारा. आपल्या मुलखात हा धंदा इतका मोठा होता की त्याची आडनावं झाली.

शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालवाला. महाराजांनी जोर दिला तो पागेवर. त्यामागं शिस्तीचं आणि राज्याच्या ताब्याचं कारण होतं, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. पागा होती म्हणून ज्याच्या घरी घोडा विकत घ्यायची ऐपत नव्हती, त्या कुणब्याच्या पोरालाही खोगिरावर बसता आलं.

स्वातंत्र्यानंतर संस्थानांची घोडदळं मोडीत निघाली. त्यातले घोडे आणि माणसं एकत्र करून १९५३ मध्ये ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या गावात, एक रेजिमेंट उभी राहिली. तीच आजची ६१ कॅव्हलरी. आता ती जयपूरला असते. माझ्या लेखी ही आपल्या देशाची उरलेली मोठी सरकारी पागा.

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत घोडेस्वारी पहिल्यांदा आली. इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं रघुबीर सिंग यांनी. हुद्दा दफेदार. घोडदळातला दफेदार म्हणजे पायदळातला हवालदार. म्हणजे इंग्रजीत सांगायचं तर सार्जंट! पर्सनचाच हुद्दा. रौप्य गुलाम मोहम्मद खान यांना, कांस्य प्रल्हाद सिंग यांना. रघुबीर सिंग, खान, बिशाल सिंग आणि मिल्खा सिंग (हे धावपटू नव्हेत) यांनी सांघिक सुवर्णही आणलं. भाल्यानं मेख उचलण्यात रूपिंदर सिंग ब्रार यांचं तिसरं सुवर्ण. राजस्थानातल्या एका साध्या माणसाला पद्मश्री आणि अर्जुन पुरस्कार मिळाला, कारण त्याला सरकारचा घोडा, सरकारचं मैदान आणि रोजचा सराव मिळाला होता. आजच्या भाषेत तो बारगीर.

पुढचं सुवर्ण यायला ४१ वर्षं गेली. २०२३, हांगझोऊ. ड्रेसाजच्या सांघिक सुवर्णाची बातमी आली तेव्हा आमच्या डेस्कवर "ड्रेसाज म्हणजे काय" हेच आधी शोधलं गेलं. अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदिप्ती हजेला. दोन पोरं, दोन पोरी. अनुषला वर वैयक्तिक कांस्य. या चौघांचं कौतुक करावं तेवढं थोडं. कोवळ्या वयात घर सोडून युरोपात राहायचं, पडायचं, पुन्हा बसायचं, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही.

पण खरं बोलायचं तर हे शिलेदार आहेत. या खेळाचा घोडा परदेशी, गुरू परदेशी आणि मुक्कामही परदेशी. रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे भारतातून घोडा बाहेरच्या स्पर्धेला नेणं इतकं कठीण होतं, की घोडे युरोपातच ठेवावे लागले आणि तिथूनच चीनला न्यावे लागले. यासाठी मागे ऐपतीचं घर लागतं. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातल्या घोड्यांच्या रोगमुक्त विभागाला जागतिक मान्यता मिळाली. म्हणजे इथून घोडा बाहेर नेण्याची वाट थोडी मोकळी झाली. चांगली गोष्ट आहे. पण घोड्याची वाट मोकळी झाली, स्वाराची कुठं झाली?

सार्जंटला अडवणारा नियम १९५२ साली गेला. आज कुठल्याही पुस्तकात "गरिबाच्या पोरानं बसू नये" असं लिहिलेलं नाही. लिहायची गरजच उरली नाही, खर्चच ते काम करतो.

मी काही ऑलिम्पिकचं स्वप्न विकत नाहीये. मागणी साधी आहे. ज्या जिल्ह्यात दरवर्षी एवढा मोठा घोडेबाजार भरतो, तिथं वर्षभर चालणारी एक छोटी पागा का असू नये? आठ-दहा घोडे, साठ बाय वीसचा मऊ मातीचा आखाडा, एक पशुवैद्य, एक नालबंद. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेला एखादा दफेदार. आपल्या काठेवाडी-मारवाडी घोड्यांवर प्राथमिक ड्रेसाज आणि लहान उड्या सहज शिकता येतील. यात्रेत लाखांच्या बोलीबरोबर एक दिवस स्वारीची रीतसर स्पर्धा ठेवा. आणि तिथं एकच नियम करा. नाचणारा घोडा मारून शिकवलाय की माया करून, हे आधी बघा. आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत, यात्रेत फिरणाऱ्याला ते माहीत आहे.

गेल्या यात्रेत मी त्या पोराला शोधला. सापडला नाही. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्या मोतद्दारानं सांगितलं, मालकानं घोडा विकला, पोरगं सुरतेला गेलं कामाला.

घोडा किती लाखांना गेला, ते मात्र त्याला तोंडपाठ होतं.

तुमच्या गावात, नात्यात कोणी जुना चाबूकस्वार, निवृत्त दफेदार, घोडा शिकवणारं पोर असेल तर खाली जरूर लिहा. यंदाची यात्रेची बातमी त्यांच्यावर करायची आहे.